शेंगांची गोष्ट आणि शपथेवरचा कागद

आमच्या पिंगळीत माझे कृषी सेवा केंद्र आहे. शिक्षण बारावीपर्यंत. संशोधक म्हणवून घ्यावे अशी पदवी माझ्याकडे नाही. जुने कागद वाचायचा नाद आहे, आणि परभणीच्या वाचनालयात बसायची सवय आहे. हा नाद ठाऊक असल्यामुळे गावातल्या एका शाळेने मला १ ऑगस्टच्या भाषण स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावले. लोकमान्यांच्या पुण्यतिथीची भाषणे सगळ्यांच्या ओळखीची असतात. बारा मुलांपैकी नऊ जणांनी एकच प्रसंग सांगितला : वर्गात शेंगांची टरफले पडली होती, मास्तरांनी सगळ्यांना छड्या मारल्या, आणि बाळ टिळक म्हणाले, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही.

बक्षिसे वाटून झाली. सातवीतली एक मुलगी माझ्यापाशी आली. तिला नंबर मिळाला नव्हता. ती म्हणाली, "काका, शेंगांची गोष्ट कुठं लिहून ठेवलीय? त्या वर्गातल्या कुणी लिहिलीय का?"

तिला दाखवता येईल असा कागद माझ्याकडे नव्हता. "बघून सांगतो," म्हणालो आणि घरी आलो. हा लेख त्या 'बघून सांगतो'तून झाला आहे.

मी दिलेली एक ग्वाही

प्रश्न साधा असला तरी मला लागला, त्याला कारण होते. तिशीत असताना मी एका उमेदवाराच्या प्रचारात दारोदार हिंडलो. त्यांचे नाव इथे नको. लोकांना मी सांगत असे, "साहेब घरात अगदी साधे आहेत. भाकरी-ठेचा खातात. कुणाचा पैसा बुडवणार नाहीत." हे मी पाहिलेले नव्हते. दुसऱ्या कार्यकर्त्याने मला सांगितले होते, आणि त्यालाही कुणीतरी सांगितले असणार. माझे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्यांनी माझ्या शब्दावर कापसाचे पैसे त्या माणसाच्या ताब्यातल्या पतसंस्थेत ठेवले. मुलीच्या लग्नाचे पैसे होते ते. पतसंस्था बसली. काही वर्षांनी निम्मे हाती आले. लग्नासाठी नानांनी दीड एकर विकले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुला जे वाटलं ते तू सांगितलंस."

नानांचे ते वाक्य अजून माझ्या मनात आहे. मला 'वाटले' होते आणि मी ते 'माहीत आहे' म्हणून सांगितले होते. पुढाऱ्याची प्रतिमा आणि त्याचा खरा स्वभाव यांत अंतर असते, हे सगळेच म्हणतात. पण ते अंतर मोजायचे कशाने? भाषण आपण ऐकतो. घरातला माणूस आपल्याला दिसत नाही. तो आपल्याला कळतो तो कुणीतरी सांगितल्यामुळे. मग सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले काय, त्याला कुणी उलट विचारले काय, हे पाहिल्याशिवाय 'खासगीत तो तसा नव्हता' किंवा 'खासगीतही तो तसाच होता' या दोन्ही वाक्यांना अर्थ नाही.

तीन प्रकारचा पुरावा

माझ्या वाचनात पुढाऱ्यांच्या खासगी वागण्याचा पुरावा तीन प्रकारचा येतो.

पहिला प्रकार आख्यायिकेचा. शेंगांची गोष्ट यातली. टिळक गेल्यावर काही वर्षांतच सदाशिव विनायक बापट यांनी 'लोकमान्य टिळक यांच्या आठवणी व आख्यायिका' या नावाने मोठा संग्रह खंडाखंडांनी प्रसिद्ध केला. त्या नावातच प्रामाणिकपणा आहे. आठवणी वेगळ्या आणि आख्यायिका वेगळ्या, हे संपादकाला ठाऊक होते. विसरलो ते आपण. आख्यायिका खोटीच असते असे नाही. तिच्यातून लोकांना तो माणूस कसा हवा होता हे कळते. तो कसा होता हे मात्र तिच्यावरून ठरवता येत नाही.

दुसरा प्रकार जवळच्या माणसाने लिहिलेल्या आठवणींचा. याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळीत रानडे पुढे होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. वडिलांच्या आग्रहाला मान देऊन त्यांनी विधवेशी नव्हे, तर ११ वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याच रमाबाई रानडे. त्यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध केल्या. त्यात नवऱ्याविषयी अपार आदर आहे, आणि त्याच्या माघारी घेण्याने झालेले दुःखही आहे. आदर असूनही न लपवलेली गोष्ट म्हणून अशा पुराव्याला वजन येते. तरी तो एकाच माणसाचा असतो आणि त्याला उलट विचारणारे कुणी नसते.

तिसरा प्रकार शपथेवरच्या कागदाचा. न्यायालयात दिलेली साक्ष, तिची उलटतपासणी, दाखल केलेली पत्रे, हिशेब, निकाल. मोठ्या पुढाऱ्याच्या खासगी व्यवहाराबद्दल असा कागद क्वचित मिळतो. टिळकांच्या बाबतीत तो भरपूर आहे. त्याचे नाव ताईमहाराज प्रकरण. १ ऑगस्टच्या भाषणांत ते येत नाही.

औरंगाबादला झालेले दत्तविधान

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे टिळकांचे स्नेही. १८९७ च्या जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामीन दिला. ते पुण्याला आले तेव्हा बाबामहाराज अत्यवस्थ होते. ७ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले, टिळकांना विश्वस्तांत घेतले, आणि त्याच दिवशी ते वारले. महिनाभरात टिळकांचा खटला उभा राहिला आणि त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. म्हणजे तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने मित्राच्या इस्टेटीची जबाबदारी स्वीकारली होती.

बाबामहाराजांची पत्नी सकवारबाई, म्हणजेच ताईमहाराज, तेव्हा गरोदर होत्या. वयाची विशीही त्यांनी गाठली नव्हती. मृत्युपत्रात म्हटले होते की मुलगा झाला नाही किंवा जगला नाही तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि दोन महिन्यांत गेला.

जून १९०१ मध्ये दत्तकाचा शोध सुरू झाला. पंडित घराण्याची एक शाखा औरंगाबादकडे, निजामाच्या राज्यात होती. टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि इतर मंडळी ताईमहाराजांना घेऊन औरंगाबादला गेली. पुण्याहून औरंगाबादला जायचे तर मनमाडला गाडी बदलायची. मनमाड–सिकंदराबाद ही मीटरगेज तेव्हा नवी होती. परभणी, पिंगळी, पूर्णा ही स्टेशने याच मार्गावरची. त्यामुळे हे प्रकरण पुण्याचे असले तरी मला ते परके वाटले नाही. औरंगाबादला काही मुले पाहून जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत केला आणि जूनअखेर दत्तविधान झाले, असे टिळकांच्या बाजूचे म्हणणे.

पुण्याला परतल्यावर ताईमहाराजांनी ते नाकारले. औरंगाबादला दत्तविधान झालेच नाही, अशी त्यांची बाजू. त्यांना कोल्हापूरकडच्या शाखेतले बाळामहाराज हवे होते. १९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांनी त्यांना कोल्हापुरात दत्तक घेतलेही, आणि त्याला कोल्हापूर दरबाराचा पाठिंबा होता. त्याआधीच, जुलैअखेर, टिळकांचे विश्वस्तपण काढून घ्यावे म्हणून त्यांनी पुण्याचे न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्याकडे अर्ज केला होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळच्या हिंदू कायद्यात दत्तक झाला की विधवेकडची इस्टेट त्या मुलाची होई. मुलगा कोण निवडायचा, यावर त्या बाईचे पुढचे सगळे आयुष्य अवलंबून होते. म्हणजे ताईमहाराजांनी फिरवलेला शब्द नुसता हट्टाचा किंवा कुणी कान भरल्याचा होता, असे म्हणून भागत नाही. पुरुषांनी केलेल्या मृत्युपत्रात, पुरुष विश्वस्तांच्या संमतीने, तिला मूल निवडायचे होते.

एक माणूस, उलटसुलट निकाल

पुढे जे झाले ते टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण मुद्दा त्या क्रमात आहे.

एप्रिल १९०२. अ‍ॅस्टन यांनी निकाल टिळकांच्या विरुद्ध दिला आणि त्यांच्यावर फौजदारी खटला भरण्याचा हुकूम केला. आरोप खोटी शपथ आणि बनावट कागद या जातीचे.

ऑगस्ट १९०३. विशेष मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी टिळकांना दोषी ठरवून दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड ठोठावला. याच १९०३ साली ताईमहाराज वारल्या.

जानेवारी १९०४. अपिलात न्यायाधीश ल्यूकस यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला.

मार्च १९०४. मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा रद्द करून टिळकांना निर्दोष सोडले.

१९०६. दिवाणी दाव्यात पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथाचे दत्तविधान खरे धरले.

१९१०. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी ते उलटवले. औरंगाबादला त्या तरुण विधवेवर दडपण आणले गेले, आणि टिळकांच्या बाजूच्या साक्षी विश्वासार्ह नाहीत, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. तिथून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना धाडलेल्या पत्रांत या दाव्याविषयीच्या सूचना आहेत.

मार्च १९१५. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. दत्तविधान झाले होते, असे ठरले.

एवढ्यावर संपले नाही. 'टाइम्स'चे बातमीदार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या आपल्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात टिळकांविषयी जे लिहिले होते, त्यात हेही प्रकरण होते. टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि त्यासाठी १९१८ साली ते विलायतेला गेले. १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे खटला चालला. चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन उभे होते. ज्यूरीने चिरोल यांच्या बाजूने निकाल दिला आणि टिळकांवर मोठा खर्च पडला.

वाचकहो, आता मागे वळून पाहा. माणूस तोच. औरंगाबादचा तो दिवसही तोच. साक्षीपुरावा बराचसा तोच. त्यावरून शिकलेल्या, अनुभवी न्यायाधीशांनी कधी त्याला खोटी शपथ घेणारा ठरवले, तर कधी मित्राला दिलेला शब्द पाळणारा ठरवले. शपथेवरच्या कागदाची ही गत असेल, तर चहाच्या टपरीवर ऐकलेल्या गोष्टीवरून एखाद्याच्या चारित्र्याबद्दल आपण किती ठामपणे बोलावे?

माझे मत विचाराल तर टिळक या प्रकरणात प्रामाणिक होते असे मला वाटते. त्यातून त्यांना पैशाचा लाभ झाला नाही. बेअब्रू, तुरुंगाची टांगती तलवार आणि राजकारणाच्या ऐन वर्षांतला वेळ मात्र गेला. मधेच सोडून दिले असते तर कुणी नाव ठेवले नसते. पण हे माझे मत आहे, आणि ते 'वाटते' या शब्दातच ठेवतो. त्याला दुसरीही बाजू आहे. ताईमहाराजांनी जे नाकारले ते दडपणाखाली होकार दिल्यामुळे नाकारले, की नंतर कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांच्याच तोंडून शांतपणे ऐकण्याची सोय कुणी केली नाही. टिळकांना शेवटच्या निकालापर्यंत बोलता आले. त्या आधीच गेल्या.

अंतर दोन्ही दिशांना असते

सार्वजनिक आणि खासगी यांतले अंतर म्हटले की आपण एकच चित्र धरतो : बाहेर देव, घरात राक्षस. टिळकांचा कागद वाचताना लक्षात येते की अंतराला दोन दिशा असतात.

१४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि नंतर चहा-बिस्किटे पुढे आली. रानडे, टिळक यांच्यासह पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी तिथे होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापली आणि गावात ग्रामण्य सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी चहा घेतल्याचे नाकारले नाही. काशीला आपण प्रायश्चित्त घेतल्याचे त्यांनी सांगितले. म्हणजे सनातन्यांचा पुढारी म्हणून ज्यांची प्रतिमा होती ते मिशनऱ्यांच्या घरी चहा घेण्याइतके मोकळे होते. लोकांत मात्र त्यांना प्रायश्चित्ताचा आधार घ्यावा लागला.

त्याच हिवाळ्यात टिळकांनी सुधारकांपुढे एक यादी ठेवली. मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये. चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये, करायचेच तर विधवेशी करावे. हुंडा बंद. दारू बंद. विधवांचे केशवपन बंद. ज्यांना सुधारणा हव्यात त्यांनी हे नियम आधी स्वतःला लावून घ्यावेत, कायदा कशाला, असे त्यांचे म्हणणे. ही यादी आजही पुरोगामी वाटेल. पण सरकारने संमतिवयाचे विधेयक आणले, मुलीच्या संमतीचे वय दहावरून फक्त बारावर न्यायचे ठरवले, तेव्हा 'केसरी'तून त्याला सर्वांत कडवा विरोध झाला तो टिळकांचा. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला तो त्यांच्या विरोधाला न जुमानता. खासगी यादीत सोळा, आणि जाहीर लढा बाराच्या विरुद्ध. परकीय सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हे त्यांचे कारण खरे असेलही. पण कायदा नसता झाला तर त्याची किंमत टिळकांनी मोजली नसती, दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी मोजली असती.

आता उलटी दिशा. मार्च १९१८ मध्ये मुंबईला अस्पृश्यता निवारण परिषद भरली. ती भरवण्यात विठ्ठल रामजी शिंदे यांचा पुढाकार होता आणि अध्यक्ष होते सयाजीराव गायकवाड. टिळक तिथे बोलले. अस्पृश्यता देवाला चालत असेल तर त्याला मी देव म्हणणार नाही, या अर्थाचे त्यांचे उद्गार गाजले. मग एक जाहीरनामा पुढे आला : मी स्वतःच्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही. अनेकांनी सह्या केल्या. टिळकांची सही त्यावर नाही.

पंचहौदला कृती मोकळी आणि जाहीर भूमिका जुनी. मुंबईला भाषण मोकळे आणि सही मागे. दोन्हीकडे अंतर आहे, पण त्याला 'ढोंग' हा एकच शब्द लावला तर काहीच कळत नाही. म्हणून मी दोन प्रश्न विचारायला शिकलो. या अंतराचा लाभ कुणाला झाला? आणि त्याची किंमत कुणी दिली? चहाच्या प्रकरणात किंमत बहुतेक टिळकांनीच दिली. न केलेल्या सहीची किंमत ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत त्यांनी दिली. संमतिवयाच्या लढ्यात ती लहान मुलींवर टाकली जात होती. पुढाऱ्याचे खासगी चारित्र्य हा गप्पांचा विषय नाही, तो लोकांच्या हिताचा विषय आहे, तो इथे.

आजचा शपथेवरचा कागद

टिळकांच्या काळी असा कागद मिळायला खटला उभा राहावा लागे. आज उमेदवाराला तो आपणहून द्यावा लागतो. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. सरकारने कायद्यात बदल करून हे गुंडाळायचा प्रयत्न केला, तो बदल न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी रद्द ठरवला. तेव्हापासून लोकसभा-विधानसभेचा प्रत्येक उमेदवार शपथपत्र देतो. त्याचा 'नमुना २६'. त्यात त्याच्यावरचे फौजदारी खटले, त्याची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्जे, सरकारी थकबाकी आणि शिक्षण असते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही पाहता येते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांतही उमेदवार शपथपत्र देतात.

या कागदात स्वभाव सापडत नाही. माणूस बायकोशी कसा बोलतो, गड्याला वेळेवर पगार देतो का, हे नमुना २६ विचारत नाही. पण पाच वर्षांपूर्वीचे शपथपत्र आणि आजचे शेजारी ठेवून वाचले तर बऱ्याच भाषणांचा अर्थ लागतो. माझ्या दुकानात येणाऱ्यांना मी मोबाईलवर ते काढून दाखवतो. पहिल्यांदा लोक हसले. आता निवडणुकीच्या आठवड्यात स्वतःहून विचारतात. त्या वेळी मी एक पथ्य पाळतो : कागदावर जे आहे ते वाचून दाखवायचे, त्यापुढे माझे काही जोडायचे नाही. नानांच्या वेळी मी जोडले होते. तेव्हा शपथपत्राची सोय नव्हती हे खरे, पण 'मला माहीत नाही' म्हणायची सोय होती.

विचारल्याशिवाय खोटे ठरवू नये

ताईमहाराज प्रकरणातून शिल्लक राहिलेली एक गोष्ट सांगायची राहिली. प्रिव्ही कौन्सिलने १९१५ च्या निकालात उच्च न्यायालयाची जी चूक दाखवली, ती आजही आपल्या न्यायालयांत आधार म्हणून सांगितली जाते. साक्षीदाराला खोटा ठरवायचे असेल तर ज्या कागदावरून किंवा ज्या विसंगतीवरून ठरवायचे, ती आधी त्याच्यापुढे ठेवली पाहिजे. त्याला खुलासा करायची संधी दिली पाहिजे. समोर असताना विचारायचे नाही आणि मागाहून त्याच कागदावरून त्याला लबाड म्हणायचे, हा न्याय नव्हे.

पुढाऱ्यांच्या बाबतीत आपण हे दोन्ही अंगांनी मोडतो. आवडत्याला कधी विचारत नाही आणि नावडत्याला न विचारताच खोटा ठरवतो. गावात सभा होते, हार घातले जातात, साहेब गाडीत बसतात. शपथपत्र हातात घेऊन उठून कुणी म्हणत नाही की, साहेब, मागच्या वेळी इथे असे लिहिले होते, आता असे आहे, जरा समजावून सांगा. विचारणाऱ्याने उद्धट व्हायचे कारण नाही. उत्तर पटण्यासारखे असेलही. पण विचारल्याशिवाय ते मिळणार नाही. तोवर आपल्या हाती फक्त शेंगा आणि टरफले.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले नाही. सातवीच्या मुलीला प्रिव्ही कौन्सिल कशाला? एवढेच म्हणालो, "ही लोकांनी सांगत आणलेली गोष्ट आहे. सांग, पण तशीच सांग." पुढच्या १ ऑगस्टला मी पुन्हा परीक्षक होतो. ती आठवीत गेली होती. तिने शेंगांचीच गोष्ट सांगितली, मोठ्या आवाजात, हातवारे करून. शेवटी थांबली, आणि म्हणाली, "असं सांगतात."

टाळ्या इतरांपेक्षा कमी पडल्या. मी तिला पहिला नंबर दिला. नाना असते तर ते मला परीक्षक म्हणून काय म्हणाले असते, ते मात्र मी माझ्या मनाने सांगणार नाही.